३०६० की ४०६०? आधी मदरबोर्ड बघा, मग कार्ड

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड घ्यावं की त्यानंतरचं आरटीएक्स ४०६०? निव्वळ गेमच्या वेगात ४०६० पुढे आहे, यात वाद नाही. १०८०पी रिझोल्यूशनला हे अंतर साधारण १५ ते २० टक्क्यांचं. जिथे ३०६० वर सेकंदाला ६० फ्रेम (एफपीएस) मिळतात, तिथे ४०६० वर सत्तरच्या आसपास मिळतील. पण पुण्यातल्या कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, हा प्रश्न घेऊन जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरी चार-पाच वर्षांचा पीसी असतो आणि कार्ड त्यातच बसवायचं असतं. मग निकाल फक्त कार्डावर लागत नाही.

कागदावर जुनं कार्डच धष्टपुष्ट दिसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ३०६० मध्ये ३५८४ कुडा कोअर (हिशेब करणारे छोटे भाग), १२ जीबी मेमरी, १९२ बिटची बस (मेमरी आणि चिप यांमधला रस्ता) आणि सेकंदाला ३६० जीबी बँडविड्थ. जून २०२३ च्या ४०६० मध्ये कोअर ३०७२, मेमरी ८ जीबी, बस १२८ बिटची आणि बँडविड्थ २७२ जीबी. तरी नवं कार्ड जिंकतं, कारण त्याचा बूस्ट क्लॉक (चिपचा कमाल वेग) १७७७ ऐवजी २४६० मेगाहर्ट्झ आहे आणि एल-टू कॅश, म्हणजे चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी, ३ एमबीवरून २४ एमबीवर गेली आहे. लागणारा डेटा चिपमध्येच सापडला, तर मेमरीकडे धावायची वेळ कमी येते.

हे गणित ८ जीबी पुरतात तोवरच. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) अल्ट्रावर ठेवून एखादा नवा, जड गेम लावला की मेमरी भरते आणि उरलेला डेटा पीसीच्या रॅममधून पीसीआय स्लॉटमार्गे (मदरबोर्डवर कार्ड जिथे बसतं ती खाच) ये-जा करू लागतो. ३०६० ला या स्लॉटमधल्या डेटाच्या १६ लेन आहेत, ४०६० ला फक्त आठ. पीसीआय ४.० च्या बोर्डवर आठ लेनमधून एका दिशेला सेकंदाला साधारण १६ जीबी जातात. ३.० च्या बोर्डवर तेच ८ जीबी होतात. सरासरी एफपीएस फारसा पडत नाही, पण मध्येच झटके बसतात आणि गिऱ्हाईक ‘कार्ड डिफेक्टिव्ह आहे’ म्हणून दुकानात परत येतं.

बी४५०, एच३१०, एच४१० हे सगळे ३.० वाले बोर्ड. इंटेलचा दहाव्या पिढीपर्यंतचा प्रोसेसर असेल तरी ३.० च. सगळ्यात जास्त फसगत रायझन ५ ५६००जी वाल्यांची होते. बोर्ड बी५५० म्हणजे ४.० असेल असं वाटतं, पण या प्रोसेसरमध्येच कार्डासाठी ३.० आहे, त्यामुळे बोर्ड कितीही चांगला घ्या, वेग तोच. अशा पीसीत ४०६० घेतलंच तर टेक्स्चर एक पायरी खाली ठेवा, त्रास बराचसा जातो. व्हॅलोरंटसारखे हलके गेम खेळणाऱ्यांनी यात डोकं घालूच नये. तिथे दोन्ही कार्डं प्रोसेसरची वाट बघत बसतात.

कामासाठी कार्ड हवं असेल तर बाजू पालटते. प्रोजेक्टसाठी घरच्या पीसीवर भाषा-मॉडेल चालवणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी एवढं लक्षात ठेवावं: ८ अब्ज पॅरामीटरचं, ४ बिटमध्ये दाबलेलं मॉडेल साधारण ५ जीबीत मावतं, म्हणजे दोन्ही कार्डांवर चालतं. १३-१४ अब्जांचं मॉडेल ८-९ जीबी मागतं. ते ३०६० वर बसतं, ४०६० वर काही भाग प्रोसेसरकडे ढकलावा लागतो आणि वेग कोसळतो. ब्लेंडर या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये सीन ८ जीबीत मावत असेल तर ४०६० स्पष्टपणे लवकर रेंडर करतं, मावत नसेल तर ३०६०.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट करण्याची सोय हार्डवेअरमध्येच आहे ती फक्त ४०६० वर. पण कॅमेऱ्यातून येणारं १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारं) फुटेज डिकोड करायला दोघांचाही उपयोग नाही. एच.२६५ फॉरमॅटमधल्या अशा फुटेजसाठी अकराव्या पिढीपासूनचा, नावात ‘एफ’ नसलेला (म्हणजे आतच ग्राफिक्स असलेला) इंटेल प्रोसेसर जास्त कामाला येतो.

आता विजेचं. ३०६० ला १७० वॉट, ४०६० ला ११५. घरोघरी दिसणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसची मर्यादा सहसा ३६० वॉट असते. कार्ड ११५, प्रोसेसर ८०, बाकी ५० मिळून २४५. एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून २८८ ओढले जातात आणि मॉनिटरचे २५ धरून ३१३. ३०६० लावलं की तोच हिशेब ३७८ वर जातो. लाइट गेली की यूपीएस किंचाळून बंद पडतो तो यामुळे. रोज पाच तास खेळलात तर बिलातला फरक महिन्याला जेमतेम दहा युनिटचा, त्याची चिंता नको. मे महिन्यात बंद खोलीत ६५ वॉटची जास्तीची उष्णता मात्र जाणवते. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस दोन्हींसाठी बाद. लेबलवर १२ व्होल्टपुढे लिहिलेले अँपिअर गुणिले १२ करा, तेच खरे वॉट.

फ्रेम जनरेशनची, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्डाने स्वतः तयार केलेली फ्रेम घालण्याच्या सोयीची, जाहिरात ४०६० च्या बाजूने खूप होते. मूळ फ्रेम साठच्या आसपास असतील तरच ते नीट वाटतं, शिवाय तेही मेमरी खातं.

३०६० आता बहुधा सेकंडहँडच घेतलं जातं, म्हणून दोन सापळे सांगतो. याच नावाचं ८ जीबी, १२८ बिटचंही कार्ड नंतर आलं आणि ते बरंच मंद आहे. पैसे देण्याआधी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून मेमरी १२२८८ एमबी आणि बस १९२ बिट दिसते का ते बघा. दुसरं मायनिंगचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं, अशा कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं, त्याआधीची कार्डं दिवसरात्र राबलेली असू शकतात. फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर, पंधरा मिनिटं चालवा. चिपचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) यांत २५ अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर चिप आणि कूलर यांमधली पेस्ट वाळली असावी, नवी लावायचा खर्च भावातून कापा. पंखे शंभर टक्क्यांवर नेऊन कान लावा. घरघर आली तर बेअरिंग गेलंय. प्रत्येक डिस्प्ले पोर्टला केबल लावून बघा. ‘सात दिवस टेस्टिंग वॉरंटी’ असेल तर ती सिरीयल नंबरसकट बिलावर लिहून घ्या.

४.० चा पीसी आणि फक्त गेम असतील तर ४०६०. ५६००जी किंवा जुना बोर्ड, त्यात मॉडेल किंवा थ्रीडीचं काम असेल तर १२ जीबीचं ३०६०, तेही नव्या ४०६० पेक्षा बरंच स्वस्त मिळत असेल तरच. भाव जवळजवळ सारखाच सांगितला तर वॉरंटी संपलेलं कार्ड घेऊ नका, पुढच्या दुकानात विचारा.