गाडीतल्या फ्रिजसाठी वायरलेस थर्मामीटर: ब्लूटूथ, रेडिओ की वायफाय?

फ्रिजवर आकडा दिसतोच, मग वेगळा थर्मामीटर कशाला? कारण तो आकडा फ्रिजच्या स्वतःच्या सेन्सरजवळचा असतो, आणि हा सेन्सर बहुधा थंड पत्र्याला लागून बसवलेला असतो. भिंतीला टेकलेलं दही गोठतं आणि वरच्या टोपलीतलं मसाला लावलेलं चिकन मात्र धड थंडही होत नाही. नवतप्यात नागपूरहून ताडोब्याला निघालात आणि जेवणापुरती गाडी उन्हात उभी राहिली, की ही तफावत आणखी वाढते. इन्सुलिन नेणाऱ्यांनी तर २ ते ८ अंश सांभाळायलाच हवेत, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरता येत नाही.

(पेल्टियरवाला, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेला, स्वस्त कूलर असेल तर थर्मामीटरचे पैसे वाचवा. तो बाहेरच्यापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जातो. नागपूरच्या ४५ अंशांत म्हणजे २५ ते ३०. आकडा बघून फक्त जीव जळेल.)

कॉम्प्रेसरचा फ्रिज असेल तर अचूकतेच्या आधी सिग्नलचं बघा. आतला धातूचा पत्रा रेडिओलहरी अडवतो. जे काही बाहेर येतं ते मुख्यतः झाकणाकडून. ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्झची लहर यात लवकर दमते. डिक्कीतून ड्रायव्हरपर्यंत ती कशीबशी पोचेल, रिसॉर्टच्या खोलीपर्यंत नाही. पण सेन्सर इवलासा असतो, बटण सेलवर महिनोन्‌महिने चालतो आणि चांगल्या मॉडेलमध्ये आकडे साठत राहतात. सफारीला कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, मोबाईल नेऊ देत नाहीत, तेव्हा हे फार उपयोगी: परत आल्यावर मधल्या वेळात काय झालं त्याचा आलेख समोर.

रेडिओवाल्यांचा, म्हणजे ४३३ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्यांचा, डिस्प्ले वेगळा मिळतो. तो डॅशबोर्डवर ठेवला की ॲप नको, फोनवर नकाशा खुशाल चालू द्या. लहरही जास्त तग धरते. मात्र बऱ्याच मॉडेलांत फक्त किमान-कमाल आकडे राहतात, आणि सेन्सरमधले साधे अल्कलाइन सेल थंडीत मान टाकतात, लिथियमचे घाला.

वायफायमुळे लांबूनही इशारा मिळतो, पण गाडीत सतत हॉटस्पॉट हवा. जंगलाकडे रेंज गेली की सगळंच ठप्प. घरी उभ्या फ्रिजसाठी ठीक, प्रवासासाठी मी घेणार नाही.

माझं मत ब्लूटूथला, पण बारीक वायरचा प्रोब (वायरच्या टोकाला असलेला सेन्सर) असलेल्या मॉडेललाच. प्रोब आत, यंत्र बाहेर. वायर झाकणाच्या रबराखालून जाते आणि सिग्नलची कटकटच उरत नाही. इन्सुलिन असेल आणि गाडीत पुढे बसून सतत नजर ठेवायची असेल, तर ४३३ वाला, तोही प्रोबचाच.

आणल्यावर कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी ग्लासात कालवून प्रोब बुडवा. काही मिनिटांनी शून्याच्या आसपास यायला हवा. अंशभर चुकला तर तेवढं लक्षात ठेवा, दोन अंश चुकला तर परत करा. मग प्रोब पाण्याच्या छोट्या बाटलीत घालून मधल्या थरात ठेवा, नाहीतर पाण्याची बाटली काढायला झाकण उघडलं तरी अलार्म वाजत बसेल.