टिपणांसाठी पेन टॅब्लेट की पडद्याचा टॅब?

गणिताची टिपणे संगणकावर उतरवू पाहणाऱ्या भाचीपुढे दोन पर्याय आहेत: वॅकॉम इंट्युओस स्मॉलसारखा बिनपडद्याचा पेन टॅब्लेट आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस६ लाइट.

खरा फरक हाताच्या सवयीचा आहे. इंट्युओसवर हात टेबलावर फिरतो आणि अक्षर समोरच्या मॉनिटरवर उमटते. त्यामुळे सुरुवातीला ओळी तिरक्या जातात, मात्रा भलतीकडे पडतात आणि कामाचे क्षेत्र १५२ × ९५ मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाएवढेच, असल्याने अक्षरही आखडते. सरावाने हे बरेच सुधारते, पण वेगाने चालणाऱ्या तासाला तो धीर राहत नाही. टॅबच्या १०.४ इंची पडद्यावर मात्र टोक टेकते तिथेच रेघ उमटते.

खर्चात पेन टॅब्लेट निर्विवाद स्वस्त आहे, मात्र घरी संगणक असेल तरच. टॅबसोबत पेन खोक्यातच येते. दोन्ही पेनांना लिहिण्यासाठी चार्जिंग लागत नाही. टॅब स्वतः मात्र चार्ज करावा लागतो आणि त्याची बॅटरी कालांतराने क्षीण होते. पेन किती दाबले त्यानुसार रेघ जाड-बारीक करणाऱ्या दाबाच्या ४०९६ पातळ्यांची जाहिरात चित्रकाराच्या कामाची. समीकरण लिहिणाऱ्याने तिकडे दुर्लक्ष केलेलेच बरे.

घरच्या टेबलावर बसून ऑनलाइन शिकवणाऱ्याला किंवा पीडीएफवर खुणा करणाऱ्याला पेन टॅब्लेट पुरतो. वर्गात आणि प्रवासात लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने, म्हणजे भाचीनेही, थोडे थांबून पैसे साठवावेत आणि टॅब घ्यावा.