ट्रस्टचं डायलिसिस सेंटर, पूर्व नागपूर: सेवेला पूर्ण मार्क, दात्यांशी मात्र बोलायचं आहे

सेंटरचं नाव मुद्दाम देत नाही. माझी तक्रार ते चालवणाऱ्यांबद्दल नाही, आणि नाव आलं की सगळा राग त्यांच्यावरच निघेल.

नंदनवनच्या पलीकडे एका ट्रस्टच्या सेंटरमध्ये माझ्या दादाचं डायलिसिस चालतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. मी इतवारीत एका ठोक किराणा दुकानात हिशेब लिहिते, त्यामुळे सकाळच्या पाळीला त्याला सोडून दुकान गाठते. घरी न्यायला वहिनी येते. जन आरोग्य योजनेतूनही डायलिसिस मिळतं, पण आम्हाला जमणाऱ्या हॉस्पिटलात सकाळची पाळी भरलेली होती आणि दुपारी त्याला नेणारं कोणी नाही. इथे एका वेळचे साडेतीनशे रुपये घेतात. धंतोली-रामदासपेठेत आम्हाला याच्या तिप्पट-चौपट सांगितले होते.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. स्वच्छता बघायला मी पहिल्या दिवशी मुद्दाम कोपऱ्यात उभी राहिले होते. काविळीच्या, म्हणजे बी आणि सी हिपॅटायटिसच्या पेशंटसाठी मशीन वेगळी, खोली वेगळी. पेशंट बदलला की चादर बदलते, मशीन निर्जंतुक होते, मगच पुढचा माणूस. टेक्निशियन गोंदियाकडचा तरुण पोरगा आहे. सुई लावण्याआधी तो दादाच्या हातावरच्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी ऑपरेशन करून रक्तवाहिन्या जोडलेली जागा) दोन बोटं ठेवतो आणि क्षणभर कोणाशी बोलत नाही. रक्ताची थरथर बोटांना नीट लागली की मगच सुया. एक रक्त बाहेर काढायला, एक परत आत सोडायला. घाईच्या दिवशीसुद्धा त्याने हे टाळलेलं मी पाहिलं नाही.

मग वजन. दोन डायलिसिसच्या मध्ये जेवढं वाढलं ते बहुतेक पाणीच, आणि तेवढंच मशीनने काढायचं.

"काका, आज पाणी जास्त झालं जी. तीन किलोच्या वर चाललं."

"उन्हाळा हाय न बापू. घसा सुकते."

"बर्फाचा तुकडा चघळा, पण ग्लास तोंडाला लावू नका. अन् संतरा खाल्ला काय?"

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि या माणसांना दिवसाचं पाणी मोजून, लिटरभरच्या आसपास. पोटॅशियममुळे संत्रं बंद. हे सगळं तो मुलगा ओरडून सांगत नाही, आणि म्हणूनच दादा ऐकतो.

आता भिंतीवरच्या बोर्डाकडे येते. एका मोठ्या कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चातून, मशीन दिल्या, त्याचा तो बोर्ड. खाली लाभार्थींचा आकडा लिहिला आहे, हजारांत. आकड्यांशी माझा रोजचा संबंध, म्हणून मी कंपनीचा वार्षिक अहवाल काढून पाहिला. सीएसआरच्या प्रकल्पांची माहिती वेबसाइटवर ठेवणं कंपनीला बंधनकारक असतं, कोणीही पाहू शकतं. आकडा तिथेही तोच, आणि माणसं मोजलेली नाहीत, डायलिसिस मोजली आहेत. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६. माझा एकटा दादा तिथे १५६ लाभार्थी झाला आहे. खोटं कोणी बोललं असेल असं म्हणत नाही, पण आमच्या दुकानात एकाच गिऱ्हाइकाची १५६ बिलं मी १५६ गिऱ्हाइकं म्हणून दाखवली तर शेठ मला उभी करणार नाही.

यापेक्षा जास्त लागलेली गोष्ट म्हणजे ऐन एप्रिलमध्ये दोन मशीन आणि पाण्याचा आरओ प्लांट रखडला. एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, पाण्यात कसर राहिली तर ती थेट रक्तापर्यंत पोहोचते. प्लांटचे मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारे पडदे, बदलायचे होते आणि ट्रस्टकडे पैसा नव्हता. देणगी मशीनसाठी आली होती. देखभाल, मेंब्रेन, टेक्निशियनचा पगार यांसाठी नव्हती. मशीनवर नावाची पट्टी लागते, मेंब्रेनवर कुठे लावणार? त्या दिवसांत दादाचे चार तास तीनवर आले. पाय सुजले.

कायद्याने हात बांधले आहेत असं मला कोणी सांगू नये. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नेटवर्थ ५०० कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनाच्या खर्चाला. सेंटरमधल्या टेक्निशियनचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च, तो खुशाल देता येतो. अडचण दुसरीकडे आहे. चालू प्रकल्पाची मुदत सुरू झालेलं वर्ष सोडून तीन वर्षांची, आणि २०२१ पासून संस्थेच्या कॉर्पसमध्ये, म्हणजे कायमच्या ठेवीत, टाकलेला पैसा सीएसआरमध्ये धरत नाहीत. किडनीचा पेशंट तीन वर्षांत बरा होत नसतो.

म्हणून मला वाटतं, मशीन कंपनीच्या २ टक्क्यांतून येऊ द्या, पण कॉर्पस मालकांनी स्वतःच्या खिशातून द्यावा. नागपूरला हे नवीन नाही. कामठीचे राव बहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० मध्ये गेले, ते सुमारे ३५ लाखांची मालमत्ता विद्यापीठाला ठेवून. त्यातून १९४२ मध्ये उभी राहिलेली एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अमरावती रोडवर आजही मुलं शिकवते आहे. आपल्या काळातलं बघायचं तर अझीम प्रेमजी. ज्यांच्या कंपनीची सुरुवात आपल्याच अमळनेरच्या तेलाच्या कारखान्यातून झाली, त्यांनी २०१९ पर्यंत विप्रोच्या ६७ टक्के शेअर्सचा आर्थिक लाभ फाउंडेशनच्या नावे केला. तिथे काम दरवर्षीच्या मंजुरीवर अडत नाही.

दादाच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. हिंगण्याकडच्या एका कारखान्यात तो कंत्राटदारामार्फत कामाला होता. कारखाना त्याच कंपनीचा, जिचं नाव भिंतीवर आहे. पगार २१ हजारांच्या आत, म्हणजे ईएसआयच्या, कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, मर्यादेत बसणारा. कार्ड कधी बनलंच नाही. ते असतं तर सोमवारीपेठेतल्या कामगार रुग्णालयातून त्याचं डायलिसिस त्याच्या हक्काचं असतं, बायकोच्या आजारपणासकट. ईएसआयला मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के. कंत्राटदाराने भरला नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तो वाटा वाचला, आणि तोच माणूस आता कंपनीच्या बोर्डावरच्या हजारांत लाभार्थी म्हणून मोजला जातो आहे. हे मला सहन होत नाही. आधी ३.२५, मग २.

याच शहरात जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली, देशात भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला त्याच्या कितीतरी आधी. तेव्हा त्यांना कोणी भाग पाडलेलं नव्हतं. टाटांच्या देणग्यांबद्दल सगळे बोलतात. मला त्यांचा मोठेपणा आधी या मिलच्या पगारपत्रकात दिसतो.

ज्यांना सेंटरला जायचं आहे त्यांच्यासाठी: आधार, रेशनकार्ड, नेफ्रॉलॉजिस्टची चिठ्ठी आणि हिपॅटायटिस-एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट घेऊन जा. फिस्टुला तयार असेल तर नंबर लवकर लागतो. सकाळच्या पाळीची यादी मोठी आहे, दुपारची सहज मिळते. कॅन्टीन नाही, डबा घरून न्या. आणि पेशंट कंत्राटी कामगार असेल तर आधी त्याची पगाराची स्लिप नीट बघा, ईएसआयची कपात दिसते का ते. दिसली तर विमा क्रमांक मागून घ्या. दिसली नाही तर ईएसआयसीच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि त्यात कंत्राटदारासोबत मूळ कंपनीचंही नाव लिहा. आम्ही शेजारच्या खाटेवरच्या त्या भावाची तक्रार लिहून दिली आहे, पोच घेतली आहे, आणि त्याची वहीतली जुनी हजेरी तिला जोडली आहे.