काटा हललाच नाही

सापाची पेटी आणि साप, दोन्हींच्या एकूण रकमेचे ७० टक्के आगाऊ दिले. त्यातला एक पैसा परत आलेला नाही आणि येईल असं वाटतही नाही. हे सांगताना लाज वाटते, पण ग्रीन ट्री पायथनची (झाडावर राहणारा हिरवा अजगर) पहिली पेटी ‘तयार, चालवून बघितलेली’ अशी विकत घ्यायला जे निघाले आहेत त्यांनी हे वाचावंच. चोरलेले फोटो, आगाऊ पैसे, मग बंद फोन ही साप विकणाऱ्या ठगांची रीत सगळ्यांना पाठ आहे. इथली चाल वेगळी होती. ती पेटीतच बसवलेली होती.

ठरलं होतं ते असं: ९० सेंटिमीटर लांब, ६० खोल, ६० उंच अशी पीव्हीसी शीटची पेटी. छताला ८० वॉटचं रेडियंट हीट पॅनल, म्हणजे वरून ऊब देणारी सपाट पाटी, सोबत प्रपोर्शनल थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून वीज कमी-जास्त करणारा. काढता-घालता येतील अशा ३ आडव्या दांड्या, २ डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे), पाण्याचं जड भांडं. पेटी रिकामी चालवून घेतलेली असणार आणि तिच्या नोंदी मिळणार. पेटी घरी आल्यावर आपणही १४ दिवस चालवायची, मग साप निघणार आणि तेव्हा उरलेले ३० टक्के द्यायचे.

आता सांगा, यात संशय कुठे घ्यायचा? भाव पडेल नव्हता, बाजारात चालतो तोच होता. स्वस्ताला भुललो असतो तर गोष्ट वेगळी. आणि ‘साप आणण्याआधी पेटी दोन आठवडे रिकामी चालवा’ हा तर शहाण्यासुरत्यांचाच सल्ला. तो विकणाऱ्याच्या तोंडून आला म्हणून माणूस भरवशाचा वाटला. हाच तो गळ.

पैसे भरण्याआधी पेटीचे ३ फोटो आले होते. सकाळ, दुपार, रात्र. तिन्हींत आत चिकटवलेला घड्याळासारखा गोल हायग्रोमीटर आणि काटा ८० टक्क्यांवर. शेजारी तापमान ३० अंश, तेही तिन्हींत तेच. मी ते फोटो बघितले आणि ‘वा, किती स्थिर’ म्हणालो. तो क्षण आठवला की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. कारण चालू पेटीत असं होऊच शकत नाही. हवा तापली की तीच वाफ तिला कमी पडते. २४ अंशांवर ८० टक्के आर्द्रता असलेली हवा, पाणी न वाढवता, ३० अंशांवर नेली तर काटा साधारण ५६ टक्क्यांवर उतरतो. रात्री पॅनलची ऊब कमी केली की तो पुन्हा चढतो. फवारणी केली की उसळतो, काही तासांत खाली येतो. न हलणारा काटा म्हणजे मेलेला काटा. शिवाय ८० टक्के आर्द्रता असती तर रात्रीच्या फोटोत समोरच्या काचेवर कुठेतरी धूसर पट्टा दिसला असता. काच लख्ख कोरडी होती, तळाच्या कागदावर एक डाग नव्हता आणि भांड्यातलं पाणी तिन्ही फोटोंत एकाच रेषेवर. ठरलेले डिजिटल मीटर तर फोटोत नव्हतेच. ‘ते पॅकिंगमध्ये आहेत’ हे उत्तर मी मानून घेतलं.

‘कायम ८० टक्के’ हे मुळात चुकीचं आहे हेही तेव्हा खटकायला हवं होतं. या सापाला ओलं-कोरडं असं चक्र लागतं: संध्याकाळी एकदा भरपूर फवारणी, आर्द्रता ७०-८० वर, आणि दुसऱ्या दिवसभरात पेटी सुकून ४०-५० पर्यंत खाली. चोवीस तास ओलं राहिलं की पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, श्वसनाचा संसर्ग होतो. उघड्या तोंडाने श्वास, नाकाशी बुडबुडे, मान वर करून बसणं ही त्याची लक्षणं. जो विक्रेता ८० टक्के अभिमानाने दाखवतो, त्याने हा साप पाळलेला नाही.

खोकं आलं. यादीत १४ वस्तू होत्या, आल्या ९. आता एकेक.

पीव्हीसी म्हणून आलेली पेटी एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, वर पांढरं फॉइल. बाहेरून कळत नाही. वायरसाठी पाडलेल्या भोकात बोट घातलं तेव्हा कळलं: आत तपकिरी भुसा. पीव्हीसी शीट कापली तरी आरपार एकाच रंगाची असते. म्हणून पैसे देण्याआधी कापलेल्या कडेचा किंवा वायरच्या भोकाचा जवळून काढलेला फोटो मागा, पेटीचा नव्हे. एमडीएफ फवारणीत टिकत नाही. तळाच्या सांध्यात पाणी शिरतं, फॉइल उचलतं, आत बुरशी धरते आणि ती घासून निघत नाही. आमच्या पेटीचा डावा कोपरा नवव्या दिवशी फुगला.

छताला पॅनल होतं, म्हणजे पॅनलसारखी पाटी होती. लेबल ८० वॉटचं. थर्मोस्टॅटशिवाय थेट सॉकेटला लावून वॉटमीटरवर बघितलं तर ३१ वॉट. पाटीमागे साधी हीट मॅट चिकटवलेली. आणि तळाखाली आणखी एक १४ वॉटची मॅट, जी मागितलीच नव्हती. तिचा उपयोग समजून घ्या: हात लावला की पेटी ‘गरम’ लागते. खोली २३ अंश असताना तळ ३८ अंश आणि वरच्या दांडीवर जेमतेम साडेपंचवीस. ट्री पायथन दिवसभर दांडीवर वेटोळं घालून बसतो. तळ तापवून त्याला काय मिळणार? त्याला उबदार टोकाच्या दांडीवर ३०-३१, गार टोकाला २५-२६, रात्री २४ च्या आसपास हवं. दांडी पॅनलपासून वीसेक सेंटिमीटर खाली ठेवून सुरुवात करायची आणि वेटोळ्याची पाठ जिथे येईल तिथलं तापमान मोजायचं. दांडीच्या लाकडाचं नव्हे, हे अनेक जण विसरतात.

थर्मोस्टॅटच्या जागी गोल खटक्याचा डिमर निघाला. त्याला प्रोबच नाही, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोकच नाही! पंख्याचा रेग्युलेटर जितकं तापमान ओळखतो तितकंच हा ओळखतो. खोली ४ अंशांनी तापली की पेटीही तापणार. प्रोब हा दांडीच्या उंचीवर, उबदार बाजूला, पॅनलला न टेकता आणि सापाला ढकलता येणार नाही असा बांधलेला हवा. प्रोब तळात पडला तर थर्मोस्टॅटला वाटतं थंडी आहे, आणि वर साप भाजतो. जमल्यास दुसरा साधा थर्मोस्टॅट २-३ अंश वर लावून मालिकेत ठेवा. पहिला चालू अवस्थेत अडकला तर दुसरा वीज तोडतो.

फांद्या मात्र दिसायला झकास. ४५ अंशांत तिरप्या, ग्लू गनने कायमच्या चिकटवलेल्या, भोवती प्लास्टिकच्या वेली. फोटोत जंगल, सापाला शिक्षा. त्याला आडवी दांडी लागते, जाडी त्याच्या मध्यभागाच्या शरीराइतकी, कमी-जास्त जाडीच्या दोन-तीन. आणि ती निघालीच पाहिजे, कारण साफसफाईला साप दांडीसकट उचलायचा असतो. शेपटीने घट्ट धरलेल्या सापाला सोलून काढायला गेलं की मणक्याला इजा होते. पिल्लांच्या शेपटीला येणारा कायमचा बाक बऱ्याचदा अशाच हाताळणीतून किंवा फार लवकर लिंगतपासणी केल्यामुळे येतो. ‘पिल्लू मादी आहे, तपासून दिलं’ असं कुणी अंड्यातून आल्यावर दोन महिन्यांत म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

हवेची भोकं ६, सगळी छताला. ऊब आणि ओल दोन्ही वरून निसटतात आणि तळाशी हवा कोंडते. एका बाजूला खाली, समोरच्या बाजूला वर अशी हवी. सांध्यांतलं सिलिकॉन बुरशीरोधक, न्हाणीघरातलं. त्यात बुरशीनाशक असतं, ते प्राण्याच्या पेटीत चालत नाही. साधं सिलिकॉन लावलं तरी त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पेटीत साप सोडू नये.

फुगलेला कोपरा सोडला तर हे सगळं पहिल्याच दिवशी दिसत होतं. विकणाऱ्याचं उत्तर: ‘चौदा दिवस हात लावू नका, पेटी सेट होऊ द्या.’ आणि मी थांबलो. एवढी पेटी काही तासांत, फार तर एका दिवसात, तिला गाठायचं ते तापमान गाठते. चौदा दिवस असतात ते चढउतार बघायला, ऊब धरायला नव्हे. हे मला माहीत होतं, तरी थांबलो. कारण रक्कम गेलेली होती आणि ती वाया गेली हे मानायचं नव्हतं. ज्या कंपनीमार्फत पैसे भरले तिच्याकडे तक्रारीची मुदत होती १० दिवस. दहा आणि चौदा. आकडे बघा, त्या चाचणीचा खरा उपयोग कळेल.

अकराव्या दिवशी निरोप आला: साप निघतोय, ३० टक्के भरा. सोबत फोटो. ‘चार महिन्यांचं, कॅप्टिव्ह ब्रेड’ (बंदिस्त पैदाशीतलं), रंग पूर्ण हिरवा, लांबी १ मीटर. या जातीचं पिल्लू पिवळं किंवा लालसर-विटकरी जन्मतं. रानातल्या सापांत रंग बदलतो तो साधारण ५३ ते ५९ सेंटिमीटर लांबीच्या टप्प्यात. चार महिन्यांचं एक मीटर हिरवं पिल्लू म्हणजे पिल्लू नव्हेच, बहुधा रानातून धरलेला मोठा साप. हा संशय उगाच नाही. २००९ ते २०११ दरम्यान इंडोनेशियात झालेल्या पाहणीत, पैदास केंद्रांच्या नावावर निर्यात होणाऱ्या ग्रीन पायथनपैकी किमान ८० टक्के रानातून पकडलेले निघाले होते. ही जात साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे. परवान्यावर उगमाचा कोड असतो: ‘सी’ म्हणजे बंदिस्त पैदाशीतला, ‘डब्ल्यू’ म्हणजे रानातला. आम्हाला पाठवलेल्या कागदावर तो रकाना कोरा. आरोग्याच्या दाखल्यात ‘निरोगी’ एवढा एक शब्द. निडोव्हायरस, म्हणजे अजगरांना श्वसनाचा आजार देणारा विषाणू, नजरेने दिसत नाही, त्याला तोंडातल्या स्वॅबची पीसीआर चाचणी लागते. ३० टक्के दिले नाहीत. शहाणपण म्हणा किंवा खिसा रिकामा होता म्हणा. फोन त्याच संध्याकाळी बंद.

(आणि हो, खरं पिल्लू असतं तरी त्याला ही ९० ची पेटी पहिले काही महिने नकोच. दहा-बारा ग्रॅमचं पोर एवढ्या जागेत बावरतं आणि खाणं सोडतं. साधारण ३० बाय २० चा डबा, दोन बारीक दांड्या, ओला कागद. विक्रेता ‘थेट मोठ्या पेटीत सोडा’ म्हणाला होता.)

मग सुरू झाली दारोदारची वारी. जिच्यामार्फत पैसे भरले ती कंपनी म्हणाली, माल पोहोचल्याची नोंद आहे, मुदत संपली आहे. वॉटमीटरचा, भुशाचा, फुगलेल्या कोपऱ्याचा फोटो पाठवला. ११ पत्रं, ११ वेळा तेच छापील उत्तर, खाली ‘आम्ही आपल्याला मदत करू शकलो का?’ अशी चांदण्यांची रांग. ग्राहक तक्रार कक्षाला वस्तूचा प्रकार हवा होता. पाळीव प्राणी निवडावा तर प्राणी आलेला नाही, विद्युत उपकरण म्हणावं तर बिलावर ‘पेटी’. शेवटी तक्रार ‘लाकडी फर्निचर’ या सदरात गेली आणि त्या विभागाने विचारलं, बिजागऱ्या तुटल्या आहेत का? पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: साप चावला का? दुसरा: मग तुम्हाला नेमकं काय झालं? पेटी मिळाली, म्हणजे हा व्यवहारातला वाद, दिवाणी. आगाऊ घेतलेली रक्कम, खोटं लेबल, कोरा कागद यातलं काहीच नोंदवून घेतलं नाही. वन्यजीव कार्यालयात ती कोऱ्या कोडची प्रत दिली. म्हटलं, पैसे राहू द्या, पण हा माणूस रानातले साप विकतो आहे, निदान ते बघा. उत्तर मिळालं: साप आलेला नाही, मग प्रकरण नाही. आला असता तर प्रकरण झालं असतं, तुमच्यावर. ३७ दिवस या चार टेबलांभोवती. प्रत्येक टेबलाला दुसऱ्या टेबलाचा पत्ता तेवढा पाठ.

तक्रार करायचीच असेल तर पहिल्या ४८ तासांत करा, विक्रेता काहीही म्हणो. खोकं उघडतानाचं अखंड चित्रीकरण, वॉटमीटरवरचा आकडा, कापलेली कड. आणि तक्रारीत साप हा शब्द आणू नका. ‘८० वॉटचं उपकरण ३१ वॉटचं निघालं’ एवढंच लिहा, ते तरी कुणाला कळतं.

गोल हायग्रोमीटर अजून इथे पडला आहे. परवा त्याची मिठाची चाचणी घेतली: बाटलीच्या झाकणात मीठ, विरघळणार नाही इतकंच पाणी घालून ओलसर लगदा, मीटरसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर. नीट मीटर ७५ टक्के दाखवतो. याने ८० दाखवले. डब्याबाहेर काढून टेबलावर ठेवला, ८०. उन्हात ठेवला, ८०. मागचं पत्र्याचं झाकण उचकटलं तेव्हा काट्याच्या बुडाशी गोंदाचा वाळलेला थेंब होता.