वरून एमजी, खालून बीटल: एका जुन्या किट कारचा रिव्ह्यू

खरी एमजी टीडी, म्हणजे १९५० च्या दशकातली उघडी इंग्लिश स्पोर्ट्स कार, परवडत नसेल आणि संध्याकाळी हाताला काम हवं असेल, तर फोक्सवॅगन बीटलच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) बांधलेली तिची फायबरची नक्कल जरूर घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा किट बनवणाऱ्यांचा नाही, बीटलचाही नाही. ज्या कुणी ते किट विकत घेऊन आपल्या गॅरेजमध्ये जुळवलं, त्या गृहस्थांचा आहे. किट कारचा, म्हणजे विकत घेतलेल्या भागांतून घरी जुळवलेल्या गाडीचा, रिव्ह्यू म्हणजे निम्मा अशा अनोळखी माणसाच्या हातकामाचा रिव्ह्यू असतो, हे गाडी विकणारा सांगत नाही.

मी मूळची सांगलीची, आता ओहायोत असते आणि दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. मोटारींचं रीतसर शिक्षण काही नाही. पण रेझिन, साचा, घासणं, पॉलिश हे रोजचंच, त्यामुळे फायबरची गाडी म्हटल्यावर भीती वाटली नाही. ३५०० डॉलरला घेतली. टोइंगचे पैसे वेगळे, कारण ती चालत नव्हती. कागदोपत्री ती १९७० ची फोक्सवॅगन आहे. इथे अशा बऱ्याच गाड्या मूळ बीटलच्या कागदांवर, तिच्याच सालाने नोंदलेल्या असतात. तेव्हा जाहिरातीत ‘१९५२ एमजी’ वाचून हुरळून जाऊ नये, आधी मागच्या सीटखाली, चासीच्या मधोमध जाणाऱ्या बोगद्यावर ठोकलेला चासी नंबर कागदाशी ताडून बघावा.

खरी टीडी इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५० ते १९५३ या काळात बनली. एकूण तीस हजारांच्या जवळपास, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत आल्या. १२५० सीसीचं, पाण्याने थंड होणारं इंजिन पुढे, बॉडीचा सांगाडा ॲश लाकडाचा. नक्कल करणाऱ्यांनी बीटलच का धरली, तर ती स्वस्तात आणि गल्लोगल्ली मिळायची हे एक कारण. दुसरं मापाचं. टीडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ९४ इंच, बीटलचं साडेचौऱ्याण्णव. पोर्शे स्पीडस्टरची नक्कल करायची तर बीटलची चासी कापून जवळजवळ फूटभर आखूड करावी लागते, टीडीला करवत लावायचं कामच नाही. बीटलची बॉडी बोल्ट काढून उचलली की चाकं, इंजिन, गिअर, ब्रेक यांच्यासकट सपाट चासी उरते. तिच्यावर फायबरची टीडी ठेवायची.

इंजिन अर्थातच मागे. व्हिडिओ कॉलवर दादाला बॉनेट उघडून दाखवलं तर म्हणाला, “अगं, इंजिन चोरीला गेलं की काय?” पुढे पेट्रोलची टाकी आणि एखादी बॅग मावेल एवढी जागा, बस्स. रेडिएटरची चकचकीत जाळी निव्वळ शोभेची. ज्याला या लबाडीचा राग येतो त्याने ही गाडी घेऊ नये. मला येत नाही. कवळीही नक्कलच असते, आणि ती नीट बसली की माणूस मजेत भाकरी खातो.

खालच्या भागाबद्दल माझी काही तक्रार नाही. बीटल दोन कोटी पंधरा लाखांहून जास्त बनल्या, शेवटची मेक्सिकोत पुएब्लाच्या कारखान्यातून २००३ च्या जुलैत बाहेर पडली. त्यामुळे आजही जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो. जमिनीचा पत्रा उजव्या बाजूला मागे कुजला होता, म्हणजे जिथे बॅटरी बसते तिथे, आणि हे बीटलच्या बाबतीत ठरलेलंच. ॲसिडच्या वाफा आणि ओल, दोन्ही तिथेच साठतात. दोन्ही बाजूंचे नवे पत्रे साडेतीनशे डॉलरांच्या आत आले. वेल्डिंग शेजारच्या निवृत्त फॅब्रिकेटरने केलं. बॉडी उचलून आणि पेट्रोलची टाकी अंगणात नेऊन ठेवल्याशिवाय तो मशीन चालू करायला तयार नव्हता. त्याचं बरोबरच होतं.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. मागचा ड्रम काढायला ३६ मिलिमीटरचा नट सोडवावा लागतो आणि बसवताना तो २१७ फूट-पाउंडाने आवळायचा असतो. साधा पाना पुरत नाही, लांब दांडा, त्यावर पाइप, आणि माझ्या बाबतीत वर उभा केलेला नवरा. रबरी ब्रेक होज बाहेरून कितीही चांगले दिसोत, न विचारता बदला. आतून फुगले की पाय काढल्यावरही ब्रेक लागलेलाच राहतो.

आता वरचा भाग, म्हणजे जिथे दीड तारा गेला. आमच्या घरात त्या पहिल्या बांधणाऱ्याला ‘मूळपुरुष’ म्हणतात. मूळपुरुष हौशी होते, लाकूडकामात बरे असावेत (डॅशबोर्डचं अक्रोडाचं काम खरंच देखणं आहे), पण विजेशी त्यांचं फारसं पटत नसावं. लोखंडी गाडीत पत्रा हीच परतीची वायर असते. दिवा बॉडीला स्क्रूने बसवला की अर्थिंग आपोआप मिळतं. फायबरमधून वीज जात नाही. म्हणून किट कारमध्ये प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पेट्रोलच्या काट्याला चासीपर्यंत स्वतःची अर्थची वायर द्यावी लागते. मूळपुरुषांनी सगळ्या मागच्या दिव्यांची अर्थ एका बारीक वायरीत गुंफून ती मागच्या झाकणाच्या बिजागरीच्या बोल्टला बांधली होती, आणि तो बोल्ट फायबरमध्येच होता. परिणाम असा की डावीकडे वळायचं इंडिकेटर दिलं की ब्रेकचा दिवा मंद लुकलुकायचा. विजेला परतीची वाट मिळाली नाही की ती दुसऱ्या बल्बमधून शोधते. जोड दिले होते घरातल्या वायरिंगच्या प्लॅस्टिकच्या टोप्यांनी. मी दुरुस्तीच्या फंदात न पडता सगळं उपटलं आणि बीटलसाठी मिळणारा नवा तयार हार्नेस (वायरींचा जुडगा) टाकला. पुढे एक आणि मागे एक अशा तांब्याच्या पट्ट्या चासीला घट्ट जोडल्या, सगळ्या काळ्या वायरी त्यांवर आणल्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण अशा गाडीत पहिल्यांदा हेच करा. निम्मी दुखणी तिथेच संपतात.

दुसरं दुखणं जास्त गंभीर होतं. जुन्या मालकाच्या म्हणण्याप्रमाणे इंजिन ‘जरा तापायचं’. बीटलचं इंजिन हवेवर थंड होतं. पंखा वरून गार हवा ओढतो, सिलिंडरांवरून खाली ढकलतो, तापलेली हवा गाडीखालून निघून जाते. वरची आणि खालची हवा एकमेकींत मिसळू नये म्हणून इंजिनभोवती पत्रे आणि कडेने रबराचं सील असतं. खऱ्या बीटलमध्ये हे सील बॉडीच्या कडेला घट्ट बसतं. किटची बॉडी वेगळी, त्यामुळे इंजिनाभोवती फट राहते, ती बांधणाऱ्याने बुजवायची असते. मूळपुरुषांनी सोडून दिली होती. म्हणजे पंखा खालची तापलेली हवाच पुन्हा वर ओढत होता. त्यात १९७० पर्यंतच्या इंजिनांमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या घरातच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा असतो, त्यामुळे तो सिलिंडर आधीच इतरांपेक्षा तापतो. फोक्सवॅगनने १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला हलवला. मी कडेने ॲल्युमिनियमची पट्टी कापून बसवली, तिच्यावर सील ओढलं. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) फट थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटरला लावली, टायमिंग बघितलं, अडीच लिटर ताजं ऑइल भरलं. त्या इंजिनाला ऑइल फिल्टर नाही, नुसती जाळी आहे, म्हणून दर तीन हजार मैलांनी ऑइल बदलायचा कंटाळा करून चालत नाही. आता ऑगस्टच्या उन्हातही गाडी कुरकुरत नाही.

माझ्या आवडीचं काम फायबरचं. टीडीचे दरवाजे मागच्या बाजूने बिजागरीवर असतात, नकलेतही तसेच. दरवाजाचा सगळा भार एका खांबावर येतो आणि तिथे जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. आधीच्या कुणीतरी त्यांत लांबी (पुट्टी) भरून रंग मारला होता. अशी लांबी एखादा उन्हाळा टिकते, मग तीच रेघ पुन्हा उमटते. भेग हे लक्षण आहे. खांब मागून हलत होता, तो थांबवल्याशिवाय पुढून काही करणं फुकट. आतला कार्पेट फाडला, मागची बाजू ग्राइंडरने उघडी केली, रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या मॅटचे (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) तीन थर चढवले आणि बिजागरीच्या बोल्टांमागे स्टीलची पट्टी गाडली. पुढून भेगांना इंग्रजी व्ही आकाराची चर पाडून भरलं. जिथे फायबर आरपार फुटलं होतं तिथे कड जाडीच्या बारापट रुंद उताराने घासून पातळ केली, नुसतं ठिगळ लावलं तर ते कडेने सुटतं.

पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर वजनाच्या एक ते दोन टक्के. गारठ्यात काम करू नका, पंधरा अंश सेल्सिअसच्या खाली ते नीट घट्ट होत नाही, आणि म्हणून हार्डनर वाढवणारे लोक नंतर ठिसूळ कामाबद्दल कुरकुरतात. ओहायोत हा धंदा मे ते सप्टेंबर. वरचा थर हवेमुळे चिकट राहतो, हे कवळीच्या ॲक्रिलिकलाही होतं, त्यामुळे मला नवं नव्हतं. शेवटच्या थरावर पातळ प्लॅस्टिक पसरून हवा तोडली की झालं. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी (दुसऱ्या प्रकारचं रेझिन) छान धरतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट भरवशाचा नाही, तेव्हा आधी ठरवा वर रंग देणार की जेलकोट. घासताना आणि रेझिन लावताना पूर्ण बाह्या, हातमोजे आणि धूळ व वाफ दोन्ही अडवणारं फिल्टर असलेला मास्क हवाच. साधा कापडी मास्क रेझिनमधून निघणाऱ्या स्टायरीनच्या वाफेपुढे काही कामाचा नाही. काचेची धूळ अंगाला लागली तर थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याची अंघोळ करून ती रात्रभर खाजवत बसू नका. पुढे वॉटर पेपर ६००, १०००, २०००, मग कंपाउंड. मलईच्या रंगाचा मूळ जेलकोट इतका छान उघडला की रंग मारायचा बेत रद्द केला.

पुढची काच सपाट आहे, हे या गाडीचं न गायलेलं सुख. गावातल्या काचवाल्याने जुन्या काचेच्या मापाने लॅमिनेटेड काच कापून दिली, १२० डॉलर.

चालवायला कशी? मजेदार आणि मंद. १५८५ सीसी, कागदावर ५७ हॉर्सपॉवर. दिसायला एमजीचा थाट, कानाला बीटलचा फटफटाट. ताशी ५० मैलांपर्यंत हसू येतं, ६० ला वारा टोपी नेतो. पावसात बाजूचे पडदे लावायला थांबावं लागतं, तोवर सीट भिजलेली असते. अपघातात वाचवेल असं या बॉडीत काही नाही, म्हणून मी मोठ्या हायवेवर, ट्रकांच्या शेजारी ती नेत नाही. मुलांना तर नाहीच.

“सांगलीला आण की,” असं दादा दर कॉलला म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार भारतात गाडी उत्पादकाने बनवली त्यापेक्षा वेगळी करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. बीटलचे कागद आणि एमजीचं अंग, हे आरटीओला समजावण्यापेक्षा दादाने इकडे यावं.

बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या. क्रँकची पुली (इंजिनाच्या मागच्या टोकाचं पट्ट्याचं चाक) हाताने पुढे-मागे ढकलून बघा, टक टक आवाज येऊन ती जाणवण्याइतकी हलली तर इंजिन उघडावं लागणार, मर्यादा ०.१५ मिलिमीटरचीच आहे. स्टीअरिंगचा दांडा कुठे जोडून लांबवला असेल तर ते वेल्डिंग नीट पाहा, शंका आली तर गाडी सोडा. पेट्रोलचे होज कडक झालेले असतील तर सुरू करून दाखवू देऊ नका. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर खलास होतं, आणि बीटलमध्ये तो होज थेट तापलेल्या इंजिनावरून जातो. कार्बुरेटरमध्ये पेट्रोल जिथून शिरतं ती पितळी नळीही हलवून बघा, सैल असेल तर आग लागायला तेवढं पुरतं. हे सगळं ठीक आणि चार हजार डॉलरांच्या आत असेल, तर भेगांना, वायरिंगला आणि गंजलेल्या पत्र्याला न घाबरता घ्या. फक्त इंजिनाभोवतीच्या सीलची ऑर्डर गाडी घरी यायच्या आधीच देऊन ठेवा.