एसजीपीटी वाढलं: थांबून पुन्हा तपासायचं की आजच हॉस्पिटल गाठायचं?

रिपोर्ट रात्री साडेनऊला मोबाइलवर आला. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम, 118. आधीच्या महिन्यात 34 होतं. ह्यांच्या लिव्हर ट्रान्सप्लांटला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. लिव्हरचा तुकडा माझा, त्यामुळे तो आकडा बघताच माझा हात आधी स्वतःच्या पोटावरच्या व्रणावर गेला. ऐरोलीहून रात्रीच हॉस्पिटलला निघायचं की सकाळी पुन्हा रक्त द्यायचं, यावर आमची बरीच वादावादी झाली. पुढे असा प्रसंग आणखी दोनदा आला आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं निघालं. म्हणून हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी मांडते आहे.

थांबून पुन्हा तपासणं कधी चालतं? ट्रान्सप्लांटला वर्ष उलटून गेलंय, ताप नाही, बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा आकडा) जागच्या जागी आहे आणि एखादाच आकडा थोडा चढलाय, तेव्हा डॉक्टर बहुतेक वेळा काही दिवसांनी पुन्हा रक्त द्यायला सांगतात. नमुना नेता-नेता त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरी एसजीओटी (लिव्हरच्या रिपोर्टमधलं दुसरं एन्झाइम) आणि पोटॅशियम खोटं वाढतं. साधा व्हायरल, नवीन अँटिबायोटिक, कुणी प्रेमाने दिलेला काढा, एवढंही पुरतं. आमचं तेच झालं होतं. सर्दीवर म्हणून आत्याबाई रोज गुळवेलीचा काढा देत होत्या. गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली आहे. शिवाय ट्रान्सप्लांटच्या माणसाची प्रतिकारशक्ती आपण गोळ्या देऊन मुद्दाम दाबून ठेवतो, आणि काढा मात्र ती वाढवायला म्हणून घ्यायचा! आत्याबाईंना हे समजावताना माझी जीभ जड झाली, पण काढा बंद केला. आठवड्याने एसजीपीटी 71, तीन आठवड्यांनी 40.

थांबायचं ठरलं तरी हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला त्याच दिवशी फोन करायचा आणि पुढच्या तपासणीची तारीख ठरवूनच फोन ठेवायचा.

आजच निघायचं कधी? ताप 100.4 किंवा त्याच्या वर, डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, पोटात दुखणं, उलटीत गोळ्या पडून जाणं, किंवा गोळ्या चुकलेल्या असणं. यातलं एक जरी असलं तरी आकडा किती वाढलाय हे बघत बसू नये. ट्रान्सप्लांटनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तर मी कुणालाच थांब म्हणणार नाही. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं लिव्हर परकं समजून त्यावर हल्ला करणं, त्याच काळात जास्त होतं, आणि लिव्हरच्या धमनीत गुठळी झाली तर रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीला उशीर झालेला चालत नाही. ‘पण मला बरं वाटतंय’ यावर विसंबू नका. रिजेक्शनमध्ये सुरुवातीला अनेकदा काहीच जाणवत नाही.

आता लॅबचं. घरी येऊन रक्त नेणारी जवळची लॅब सोयीची आहेच. गर्दीतून जायला नको, ओपीडीत खोकणाऱ्यांच्या शेजारी बसायला नको. पण टॅक्रोलिमसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीच्या, रक्तातल्या पातळीसाठी मी ठाण्यापर्यंत ट्रान्स-हार्बर लोकलने जाते. एकदा घरी येणारा मुलगा साडेदहाला आला. ह्यांनी नऊलाच गोळी घेतली होती. ‘चालतं हो, काकू,’ म्हणत त्याने रक्त काढलं. पातळी भलतीच जास्त आली आणि डोस कमी करायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात कोऑर्डिनेटरने विचारलं, ‘गोळी आधी घेतली होती का?’ ही पातळी सकाळच्या गोळीच्या आधी, आदल्या रात्रीच्या गोळीनंतर साधारण 12 तासांनी मोजायची असते. डोस तेव्हा कमी झाला असता, तर आपणच रिजेक्शनला वाट करून दिली असती. लॅब बदलली की मोजायची पद्धतही बदलू शकते, आणि मग मागच्या आकड्याशी तुलना करता येत नाही. घरची लॅब घ्यायची तर प्रत्येक वेळी तीच घ्या आणि नमुना निघेपर्यंत गोळी डबीतच राहू द्या.

सगळ्यात अवघड निवड बायोप्सीची, म्हणजे सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासण्याची. सुई म्हटलं की घरातले सगळे म्हणतात, आधी औषध वाढवून बघू. हे मला पटत नाही. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबावी लागते. पण सीएमव्ही या विषाणूसारखं इन्फेक्शन असेल तर तेच औषध घातक ठरतं. दोन्हींत एसजीपीटी वाढतं, आणि नुसत्या रक्तावरून त्यांतला फरक प्रत्येक वेळी कळत नाही. रिपोर्टमधले अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी हे पित्ताचा मार्ग अडला की वाढणारे आकडे जास्त वाढलेत, अंगाला खाज सुटते आहे, असं असेल तर आधी पित्तनलिकेकडे बघतात. सोनोग्राफी, एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) आणि नलिका अरुंद झालेली दिसली तर ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, आत स्टेंटची नळी. जिवंत दात्याच्या लिव्हरमध्ये या नलिका बारीक असतात, म्हणून हा त्रास जास्त दिसतो. ह्यांना दुसऱ्या खेपेला तेच झालं, बायोप्सी लागलीच नाही.

तिसऱ्या खेपेला लागली. उजव्या बरगड्यांमधली जागा बधिर केली, ‘श्वास रोखा’ म्हणाले, आणि खट्‌ असा आवाज आला. बाटलीत दोऱ्यासारखा बारीक तुकडा तरंगत होता. पुढे काही तास उजव्या कुशीवर पडून राहायचं, दर थोड्या वेळाने बीपी बघायचं. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित होतो, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगायला हवं. सौम्य रिजेक्शन निघालं. तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइड, टॅक्रोलिमसचा डोस वाढवला, आणि महिन्याभरात आकडे खाली आले. अंदाजाने औषध दिलं असतं तर कदाचित हेच दिलं असतं, पण ते तीन दिवस मी घाबरून काढले असते.

फोन लावण्याआधी एवढं हाताशी ठेवा: मागचे तीन रिपोर्ट, शेवटची गोळी किती वाजता घेतली ती वेळ, आणि गेल्या पंधरा दिवसांत पोटात गेलेली प्रत्येक नवी गोष्ट. काढा, चूर्ण, पपनस, दातांच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी, सगळं.