लाकडी स्टॉकला इपॉक्सी बेडिंग : एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

माझी रायफल जुनी, अन्शुट्झ या जर्मन कंपनीची, .२२ ची, अक्रोडाच्या लाकडी स्टॉकची, म्हणजे दस्त्याची. वापर फक्त ५० मीटरचा, प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून). गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिची अ‍ॅक्शन, म्हणजे नळीमागचा बोल्टचा धातूचा भाग, स्टॉकमध्ये इपॉक्सीने (सुकून कडक होणाऱ्या रेझिनने) बसवून घेतली; यालाच बेडिंग म्हणतात. त्यानंतर पुण्यातला पावसाळा, थंडी आणि रखरखीत उन्हाळा असं सगळं होऊन गेलंय, त्यामुळे आता ठामपणे लिहिता येईल.

मुळात दुखणं काय होतं? ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका, वाईट नव्हता, पण ग्रुपची जागा बदलायची. कोरड्या दिवशी झिरो करून (नेम मध्यावर जुळवून) ठेवलेली रायफल पावसाची झड लागली की त्याच लॉटच्या (कारखान्यातल्या एकाच खेपेच्या) गोळ्यांनी वर मारायची. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं आणि गोळी ५.६ मिमीची. गोळी रेषेला टेकली तरी दहा धरतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिमीपेक्षा जास्त सरकला की दहाचे नऊ होतात. ग्रुपचा स्वतःचा पसारा धरला, तर चार-पाच मिमीचा सरकाही कडेच्या गोळ्या बाहेर काढायला पुरतो.

लाकूड दमट हवेत फुगतं, तेही रेषांच्या दिशेने नाही, आडव्या अंगाने. स्क्रू तेवढेच घट्ट असले तरी लाकडावरचा दाब बदलतो आणि अ‍ॅक्शन जराशी वेगळी बसते. आर्मोररने (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याने) अ‍ॅक्शनच्या तळाला काजळी लावली, ती स्टॉकमध्ये ठेवून उचलली आणि मला दाखवली. लाकडावर काळे डाग दोनच, एक पुढच्या स्क्रूजवळ आणि एक मागे उजव्या कडेला. बाकी लाकूड कोरं. एवढी वजनदार नळी आणि अ‍ॅक्शन अशा दोन ठिपक्यांवर टेकलेली बघून मला सगळ्या मोसमाचा हिशेब लागला.

काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. आपल्याकडे शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीचा धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही. पण शेजारी बसून बघा, कारण दर्जा ठरतो तो तयारीत. अ‍ॅक्शनखालचं लाकूड दीड-दोन मिमी खरवडलं. दोन्ही स्क्रूंच्या भोकांत अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या, म्हणजे स्क्रूचा दाब लाकडावर न येता धातूवर येतो. ट्रिगरची खाच आणि बारीकसारीक भोकं प्लॅस्टिसिनने बुजवली. मग धातूच्या प्रत्येक पृष्ठभागावर, स्क्रूंच्या आट्यांवरसुद्धा, मेणाचे पातळ हात दिले. इथे एक जागा सुटली तर इपॉक्सी धातू धरून ठेवतं आणि स्टॉक फोडल्याशिवाय रायफल निघत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : इपॉक्सी ओलं असताना स्क्रू आवळायचे नाहीत. आवळले तर अ‍ॅक्शन वाकते आणि इपॉक्सी त्या वाकलेल्या आकारातच सुकतं, मग सगळा खटाटोप फुकट. आमच्याकडे अ‍ॅक्शन रबरी नळीने हलकी बांधून ठेवली होती आणि स्क्रू फक्त जागेवर राहण्यापुरते. वापरलं होतं ते स्टीलची भुकटी मिसळलेलं, पुट्टीसारखं घट्ट इपॉक्सी. पातळ असेल तर ते ओघळून नको तिथे जातं.

आता फरक. नळीवर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावून पुढचा स्क्रू सैल केला की आधी काटा ठळक हलायचा, आता जेमतेम थरथरतो. पण ग्रुप लहान झाला का, असं कुणी विचारलं तर फारसा नाही, हेच उत्तर देईन. चांगल्या लॉटच्या गोळ्यांनी तो आधीही चांगलाच होता. बदल झाला तो झिरोमध्ये. भर जुलैत रेंजवर आलो की सायटरच्या (गुण न धरल्या जाणाऱ्या, नेम तपासायच्या) पहिल्या गोळ्या जिथे पडायला हव्यात तिथेच पडत होत्या. पूर्वी सायटरमध्ये नेम जुळवायला साइटचे क्लिक फिरवण्यात वेळ जायचा, तो आता वारा वाचण्यात जातो. माझ्या दृष्टीने पैसे इथेच वसूल झाले.

उणी बाजूही आहे. मागच्या टोकाला हवेचे दोन-तीन बुडबुडे राहिले होते, ते नंतर भरून घ्यावे लागले. आणि बेडिंगने स्टॉकचं उरलेलं लाकूड जलरोधक होत नाही. बटप्लेटखालचा (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीखालचा) आणि ट्रिगरच्या खाचेतला उघडा भाग सील केला नाही, तर दमटपणा तिथून आत शिरणारच. तेव्हा त्याच फेरीत तेही करून घ्या.

आमच्या रेंजवर सीनियर नेमबाजांच्या हातून आलेल्या जुन्या लाकडी रायफली घेऊन बरीच मुलं येतात, ती बेडिंगबद्दल विचारतात. त्यांना मी आधी गोळ्यांचे दोन-तीन लॉट तपासायला सांगतो, मग टॉर्क स्क्रूड्रायव्हर (स्क्रू ठरलेल्या जोरानेच आवळणारा) घ्यायला. माझ्या रायफलला ५ न्यूटन-मीटर चालतो, दर वेळी तेवढाच. एवढं करूनही ऋतू बदलला की झिरो पळत असेल, तरच बेडिंगकडे वळा. अ‍ॅल्युमिनियमच्या स्टॉकवाल्यांना तर बहुतेक वेळा याची गरजच नाही.

देखभाल सोपी आहे. साफ करताना नळी खालच्या बाजूला झुकलेली ठेवायची, म्हणजे तेल आणि सॉल्व्हंट मागे ओघळून बेडिंगच्या कडेच्या लाकडात मुरत नाही. मेण पुसून टाकल्यावर अ‍ॅक्शन कारणाशिवाय सारखी काढू नका. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मी ती काढून पुसून परत बसवतो.